इसार दिला म्हणजे सौदा पूर्ण झाला असं नाही

२०२३ च्या मे महिन्यात माझ्या खालाच्या मुलाचा फोन आला. तो अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर काम करतो. "भाई, वो अपना शेअर इकतालीस पे आ गया. निकाल दूँ क्या?" मला लगेच काही बोलता आलं नाही. कारण तो शेअर घ्यायला मीच त्याला सांगितलं होतं.

गोष्ट २०२१ च्या शेवटची. लॉकडाऊननंतर बाजार चढत होता, घरून काम चालू होतं, हातात थोडा पैसा शिल्लक राहत होता. आमच्या कॉलेजच्या मित्रांच्या टेलिग्राम ग्रुपवर एका छोट्या कंपनीबद्दल मेसेज आला. मजकूर साधारण असा: 'प्रमोटर स्वतः ९६ रुपयांनी वॉरंट घेतोय. मालकच खिशातून पैसे लावतोय म्हणजे आत काहीतरी मोठं शिजतंय.' मला तर्क पटला. बातमीनंतर शेअर १२० वर गेला होता, तरी मी १,२०० शेअर घेतले. भावानेही ५०० घेतले, म्हणजे ६०,००० रुपयांचे. वडाळ्याला छोटं लेथचं युनिट टाकायचं म्हणून गाळ्याच्या डिपॉझिटसाठी त्याने ते पैसे जमवले होते.

भाव १६० पर्यंत गेला. भावाने घरी मिठाई आणली. मग भाव उतरू लागला आणि उतरतच राहिला. दीड वर्ष संपलं तेव्हा कंपनीने एक्स्चेंजला दोन ओळींची माहिती दिली: वॉरंटधारकांनी उरलेली रक्कम मुदतीत न भरल्याने वॉरंट रद्द झाले आहेत आणि आधी भरलेली रक्कम जप्त करण्यात आली आहे.

त्या दोन ओळी मी चार वेळा वाचल्या. मग पहिल्यांदा जुनी नोटीस उघडून वॉरंट म्हणजे नेमकं काय ते वाचलं. हे काम शेअर घेण्याआधी करायचं असतं. हा लेख त्यासाठीच आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या मोबाईलवर आज असाच एखादा मेसेज येऊन पडलेला असेल.

द्राक्षबाग आणि वॉरंट

नाशिककराला वॉरंट समजावून सांगायला पुस्तक लागत नाही. दिंडोरी किंवा निफाड तालुक्यात द्राक्षबाग असलेला एखादा मित्र पुरेसा आहे. व्यापारी बागेत येतो, घड बघतो, दर ठरवतो. समजा, किलोला ४० रुपये. तो थोडा इसार देतो आणि सांगतो, माल तयार झाला की उरलेले पैसे देऊन काढून नेतो. माल उतरवायच्या वेळी बाजारात दर ५५ झाला असेल तर तो धावत येतो. दर २५ वर आला असेल तर अनेकदा फोन उचलत नाही. इसार बुडाला तरी त्याला परवडतं. शेतकऱ्याच्या हातात इसार राहतो आणि बाग तशीच उभी राहते.

वॉरंट म्हणजे हेच. ठरलेल्या भावाने, ठरलेल्या मुदतीत, कंपनीकडून नवा शेअर घेण्याचा हक्क. हक्क आहे, बंधन नाही. वॉरंटधारक हा व्यापारी आणि कंपनी हा शेतकरी. वॉरंट हातात असेपर्यंत मतदानाचा अधिकार नाही आणि लाभांशही नाही. ते शेअर नसतं, शेअर होण्याची शक्यता असते.

आपल्याकडे सेबीचे नियम असे आहेत. कंपनीने प्रमोटरला किंवा निवडक गुंतवणूकदारांना प्रेफरेन्शियल पद्धतीने वॉरंट दिले, तर किमतीच्या किमान २५ टक्के रक्कम सुरुवातीला भरावी लागते. उरलेले ७५ टक्के भरून शेअर घेण्यासाठी जास्तीत जास्त १८ महिने मिळतात. मुदतीत पैसे भरले नाहीत तर २५ टक्के जप्त होतात आणि ते कंपनीकडेच राहतात. वॉरंट देण्यासाठी भागधारकांचा विशेष ठराव लागतो, म्हणजे पडलेल्या मतांपैकी किमान तीन चतुर्थांश मतं बाजूने हवीत. भावही मनाला येईल तो ठेवता येत नाही, आधीच्या काही दिवसांच्या बाजारभावाच्या सरासरीवरून त्याची किमान पातळी ठरते.

आता आमच्या शेअरचा हिशेब करा. प्रमोटरने ९६ पैकी २४ रुपये भरले होते. मुदत संपताना बाजारभाव ४१ होता. आणखी ७२ रुपये भरून ४१ चा शेअर कोण घेईल? त्याने २४ वर पाणी सोडलं आणि बाजूला झाला. माझ्या भावाने मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण १२० मोजले होते. त्याच्या ६०,००० चे २०,५०० झाले. प्रमोटरने कोणताही नियम मोडला नव्हता. 'मालकच पैसे लावतोय' हे वाक्य फक्त एक चतुर्थांश खरं होतं.

दहा टक्क्यांचे पंचवीस का झाले

हा २५ टक्क्यांचा नियम सुरुवातीपासून नव्हता. पूर्वी फक्त १० टक्के भरावे लागत. २००७ च्या तेजीत मोठमोठ्या कंपन्यांच्या प्रमोटरांनी चढ्या भावाने वॉरंट घेतले. त्यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण रिलायन्स इंडस्ट्रीजचं. प्रमोटरांना १२ कोटी वॉरंट १,४०२ रुपयांच्या भावाने मिळाले. दहा टक्के म्हणजे सुमारे १,६८२ कोटी रुपये आधी भरले गेले. ऑक्टोबर २००८ मध्ये, जगभरचे बाजार कोसळत असताना, प्रमोटरांनी उरलेले सुमारे १५,१४२ कोटी भरून शेअर घेतले.

सगळ्यांनी तसं केलं नाही. २००८-०९ मध्ये अनेक कंपन्यांच्या प्रमोटरांनी १० टक्के सोडून दिले आणि वॉरंट तसेच संपू दिले. शंभराच्या शेअरवर दहा रुपये गमावणं त्यांना स्वस्त पडलं. म्हणून २००९ मध्ये सेबीने सुरुवातीची रक्कम १० वरून २५ टक्के केली. इसार मोठा असेल तर सौदा मोडताना माणूस दोनदा विचार करतो, एवढाच त्यामागचा विचार. नियम चांगला आहे. पण भाव निम्म्याहून खाली आला की २५ टक्केही पुरत नाहीत, हे मी पैसे देऊन शिकलो.

वॉरंटमधली खरी किंमत थांबण्याच्या हक्काची असते. ते कळण्यासाठी टाटा मोटर्सचं उदाहरण बघा. डिसेंबर २०१९ मध्ये कंपनीने टाटा सन्सला १५० रुपयांच्या भावाने सुमारे २३ कोटी १३ लाख वॉरंट दिले. प्रत्येकी साडेसदतीस रुपये, म्हणजे सुमारे ८६७ कोटी रुपये आधी मिळाले. तीन महिन्यांत कोरोना आला आणि मार्च २०२० मध्ये शेअर ६५ रुपयांच्या आसपास गेला. मुदत त्याच दिवशी संपत असती, तर आणखी साडेबारा कमी सव्वाशे, म्हणजे ११२.५० रुपये भरून ६५ चा शेअर घ्यावा लागला असता. पण मुदत बाकी होती. डिसेंबर २०२० पर्यंत भाव १५० च्या वर आला आणि त्याच आर्थिक वर्षात टाटा सन्सने उरलेले सुमारे २,६०२ कोटी भरून शेअर घेतले.

साध्या भागधारकाला असा थांबण्याचा हक्क नसतो. तो पहिल्या दिवशीच पूर्ण पैसे मोजतो.

भाव वर गेला तरी बिल आपल्याकडेच

तुम्ही म्हणाल, भाव पडला म्हणून नुकसान झालं, चढला असता तर फायदाच होता. होता, पण पूर्ण नाही. समजा, कंपनीचे १० कोटी शेअर आहेत आणि वर्षाचा नफा ५० कोटी. प्रत्येक शेअरच्या वाट्याला ५ रुपये येतात. वॉरंटमधून आणखी अडीच कोटी शेअर निघाले आणि आलेल्या पैशातून नवा नफा अजून सुरू झाला नाही, तर तेच ५० कोटी साडेबारा कोटी शेअरमध्ये वाटले जातील. वाट्याला ४ रुपये. जमातखान्यात डेग तेवढीच आणि दस्तरखानावर पंचवीस टक्के पाहुणे जास्त, असा प्रकार.

शिवाय बाजारात भाव ३०० झाला असेल तेव्हा वॉरंटधारक ९६ लाच शेअर घेतो. मधला फरक आकाशातून पडत नाही. जुन्या भागधारकांच्या हिश्शातून तो जातो. म्हणजे भाव चढला तर स्वस्त शेअर त्याला मिळतात, भाव पडला तर तो २५ टक्के सोडून घरी जातो. आपण दोन्ही वेळा जागेवरच.

याचा अर्थ वॉरंट म्हणजे लबाडी, असा नाही. कंपनीला टप्प्याटप्प्याने भांडवल मिळतं, व्याजाचं कर्ज घ्यावं लागत नाही आणि प्रमोटरने पूर्ण पैसे भरले तर त्याचा विश्वास खरंच सिद्ध होतो. माझं म्हणणं एवढंच की तो विश्वास पहिल्या २५ टक्क्यांच्या दिवशी सिद्ध होत नाही. उरलेले ७५ टक्के जमा होतात त्या दिवशी होतो. बाजारात गाजावाजा मात्र पहिल्या दिवशीच होतो.

कंपनी वॉरंट परत कधी मागते

आपल्याकडच्या या वॉरंटमध्ये शेवट कायदाच ठरवतो: १८ महिने. मोठ्या संस्थांना रोख्यांसोबत दिलेल्या वॉरंटची मुदत याहून जास्त असू शकते. एचडीएफसी लिमिटेडने ऑगस्ट २०२० मध्ये असे सुमारे १ कोटी ७० लाख वॉरंट दिले. वॉरंटची किंमत १८० रुपये, शेअर घेण्याचा भाव २,१६५ आणि मुदत ३६ महिने. म्हणजे १८० मोजणाऱ्याला शेअर २,३४५ च्या वर गेल्याशिवाय काही सुटणार नव्हतं.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, आणखी एक कलम असतं आणि ते माहीत नसलेल्यांचे पैसे बुडतात. तिथे वॉरंटची मुदत पाच वर्षं लिहिलेली असते, पण कंपनीला ते आधीच परत घेण्याचा अधिकार असतो. २०२० च्या सुमारास रिकाम्या कंपनीची नोंदणी करून नंतर खऱ्या व्यवसायाशी विलीन करण्याची लाट आली होती. अशा कंपन्यांच्या वॉरंटच्या अटी साधारण एकसारख्या असत. शेअर घेण्याचा भाव साडेअकरा डॉलर. आणि ३० व्यवहार-दिवसांपैकी २० दिवस शेअर १८ डॉलरवर राहिला, तर कंपनी किमान ३० दिवसांची नोटीस देऊन प्रत्येक वॉरंट एका सेंटला परत घेऊ शकते.

एक सेंट! शेअर वीस डॉलरला असताना ज्या वॉरंटची किंमत साडेआठ डॉलरच्या आसपास असते, ते एका सेंटला कोण देईल? कोणी देऊ नये, यासाठीच ती रक्कम ठेवलेली असते. कंपनीला वॉरंट विकत घ्यायचं नसतं. 'पैसे भरा आणि शेअर घ्या, नाहीतर वॉरंट बाजारात विकून मोकळे व्हा' असं तिला सांगायचं असतं. यातून तिला तीन गोष्टी मिळतात: रोख पैसा लगेच हातात येतो, भविष्यात किती नवे शेअर निघणार ही टांगती तलवार संपते आणि हिशेबाची वही सोपी होते. म्हणून कंपनी हे केव्हा करते? भाव चांगला चढलेला असतो तेव्हा. कारण तेव्हाच लोक पैसे भरायला तयार असतात.

माझा एक वर्गमित्र न्यू जर्सीत असतो. त्याने अशाच एका कंपनीचे वॉरंट घेतले होते. कंपनीबद्दलचा त्याचा अंदाज बरोबर निघाला, शेअर चढला. पण नोटीस आली त्या महिन्यात तो नाशिकला बहिणीच्या लग्नाला आला होता. ब्रोकरचा मेल जाहिरातींच्या ढिगात पडून राहिला. परत जाऊन बघतो तर प्रत्येक वॉरंटमागे एक सेंट जमा. त्याचा सगळा अभ्यास बरोबर होता, एक तारीख चुकली.

आणि तारीख पाळली म्हणजे सगळं झालं असंही नाही. निकोला ही विजेवर चालणारे ट्रक बनवण्याचं स्वप्न दाखवणारी अमेरिकन कंपनी. जून २०२० मध्ये ती शेअर बाजारात आली, जुलैमध्ये तिने वॉरंट परत घेण्याची नोटीस काढली आणि ऑगस्टची मुदत दिली. साडेअकरा डॉलर भरून शेअर घेणाऱ्यांना तेव्हा मोठा फायदा दिसत होता. सप्टेंबरमध्ये कंपनीच्या दाव्यांवर गंभीर आरोप झाले. २०२२ मध्ये संस्थापकाला गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल न्यायालयाने दोषी ठरवलं, २०२५ मध्ये अध्यक्षांनी त्याला माफी दिली, पण त्याच वर्षी फेब्रुवारीत कंपनी दिवाळखोरीत गेली होती. कंपनी घाईने वॉरंट परत घेते, याचा अर्थ तिला आज पैसा हवा आहे, एवढाच घ्यावा.

हलाल की हराम, एवढाच प्रश्न आहे का?

आमच्या ग्रुपवर वॉरंटचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो. मी मुफ्ती नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण वाचताना एक गोष्ट सापडली ती सांगण्यासारखी आहे. आपल्या घरात ज्याला बयाना म्हणतात, त्यावर फिक्हमध्ये जुनी आणि सविस्तर चर्चा आहे. अरबीत त्याला अरबून म्हणतात: आगाऊ रक्कम द्यायची, सौदा पूर्ण केला तर ती किमतीत धरायची, नाही केला तर विकणाऱ्याने ठेवायची. हनफी, मालिकी आणि शाफई उलेमांनी बहुतांशी याला मान्यता दिली नाही. इमाम अहमद बिन हंबल यांनी दिली.

आधुनिक काळात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९२ मध्ये बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या ऑप्शनना नाजायज ठरवलं. पण त्याच अकादमीने १९९३ मध्ये मुदत ठरलेली असेल तर अरबूनला मान्यता दिली. वॉरंट या दोहोंपैकी कशासारखं आहे, यावर आजही मतभेद आहेत. मलेशियात शरिया सल्लागारांनी वॉरंटना वाट मोकळी करून दिली आहे. हा मतभेद मला खटकत नाही. उलट, बयान्यात अनिश्चितता किती आणि ती कोणावर पडते, हा प्रश्न आपल्या परंपरेने शेकडो वर्षांपूर्वी विचारला होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपण मात्र 'हलाल' हा शिक्का बघतो आणि पुढचं वाचणं थांबवतो.

त्याची किंमत आपण मोजली आहे. जून २०१९ मध्ये बेंगळुरूची आयएमए कोसळली. हलाल नफा म्हणून ज्यांनी पैसे ठेवले होते त्या हजारो लोकांत बहुतेक मुसलमान होते, त्यात विधवा होत्या, निवृत्त माणसं होती. बँकेचं व्याज नको म्हणून आपण बँकेपासून लांब राहतो, ते समजू शकतं. पण मग जिथे पैसे ठेवतो तिथले कागद वाचण्याची जबाबदारी इतरांपेक्षा आपल्यावर जास्त येते. गरर, म्हणजे सौद्यातली अस्पष्टता, फक्त विकणाऱ्याच्या बाजूने नसते. कागद समोर असताना न वाचणं हीसुद्धा अस्पष्टताच आहे आणि ती आपण स्वतः तयार करतो.

मग करायचं काय

'प्रमोटरने वॉरंट घेतले' असा मेसेज आला तर चार गोष्टी बघा. एक, वॉरंट वाटपाची तारीख कोणती आणि तिथून १८ महिने कधी संपतात. दोन, ठरलेला भाव आणि आजचा भाव यांत किती अंतर आहे. तीन, सगळे वॉरंट शेअर झाले तर एकूण शेअर किती टक्क्यांनी वाढतील. चार, याच प्रमोटरने याआधी वॉरंट घेऊन मुदत संपू दिली होती का. हे सगळं फुकट मिळतं. बीएसई आणि एनएसईच्या वेबसाइटवर कंपनीच्या घोषणा असतात, भागधारकांच्या सभेची नोटीस असते आणि दर तिमाहीच्या शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये शिल्लक वॉरंटचा वेगळा रकाना असतो. वाचायला अर्धा तास पुरतो.

सेबीकडेही माझं एक मागणं आहे. वॉरंट दिल्याची बातमी ठळक येते, रद्द झाल्याची दोन ओळींत जाते. वाटपाच्या दिवशी जेवढी माहिती द्यावी लागते, तेवढीच मुदत संपण्याच्या महिनाभर आधीही द्यायला लावली पाहिजे: किती पैसे आले, किती बाकी आहेत, मुदत कधी संपते. आणि ती मराठीत, उर्दूत, हिंदीतही मिळाली पाहिजे. अंबडमध्ये मशीन चालवणारा माणूस आता बाजारात आहे, त्याने इंग्रजी नोटीस वकिलासारखी वाचावी ही अपेक्षा बरोबर नाही.

भावाने शेअर विकले. उरलेल्या पैशांत गाळ्याचं डिपॉझिट होत नव्हतं. कमी पडलेले ३९,५०० मी देऊ केले तेव्हा तो म्हणाला, "भाई, बटन तर मीच दाबलं होतं." मी तरी दिले. कर्ज म्हणून घेईन, असं त्याने ठरवलं आणि हप्त्याने परत करतोय, मला तारीख लिहून दिली आहे. परवा त्याने मला एका कंपनीची नोटीस पाठवली. खाली एवढंच लिहिलं होतं: वाटपाची तारीख पान तीनवर आहे, उरलेले पंच्याहत्तर टक्के अजून आलेले नाहीत, थांबूया.